ओढा आपला, वहीही आपली

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या मैत्रिणींना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



अध्यक्षाताईंनी मला आधीच सांगितलंय, "अहवाल वाचत बसू नकोस, काय झालं ते सांग." म्हणून कागद बाजूला ठेवते. आज आपल्यापुढे एक ठराव आहे. वरच्या तीन गावांत आपण वर्षभर ओढ्याचं काम केलं, ते दुसऱ्या वर्षी चालू ठेवायचं का आणि बाकीच्या गावांत न्यायचं का. हात वर करायच्या आधी तुम्हाला खरं काय ते कळलं पाहिजे. काय जमलं ते सांगते, आणि माझं काय चुकलं तेही सांगते.

आधी आपला ओढा कुठे जातो ते बघू. तो वेण्णेला मिळतो. वेण्णा कण्हेर धरणात जाते, तिथून खाली साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेत मिसळते. कृष्णा पुढे सांगलीवरून कर्नाटक, तेलंगणा, आंध्र करत समुद्राला जाते. म्हणजे आपल्या बांधावरून जे वाहून जातं, ते लांबपर्यंत जातं. पण आपण काम सुरू केलं ते लांबच्यांसाठी नाही. आपली पिण्याची विहीर त्याच ओढ्याच्या काठाला आहे. ओढ्याला जे मिळतं ते विहिरीला मिळतं, आणि विहिरीतलं आपल्या माठात येतं.

आपल्या डोंगराची अडचण वेगळी आहे. इथे कारखाना नाही, गटाराचा मोठा पाइप नाही. त्यामुळे सगळे म्हणतात, आमचं पाणी वरचं, स्वच्छच असणार. पण महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. लाल माती, उताराची जमीन. अशा पावसात शेतातलं काय काय खाली येतं? माती येते. मातीला चिकटून स्फुरद येतं. युरियातलं नत्र तर पाण्यात विरघळूनच जातं, ते डोळ्याला दिसतही नाही. उघड्या उकिरड्याचं शेणपाणी येतं. बांधावर टाकलेल्या औषधाच्या बाटल्या येतात, मल्चिंगच्या कागदाचे तुकडे येतात. एका शेतातून थोडंच येतं. पण शेतं किती आहेत? म्हणून बोट दाखवायला एकच कोणी सापडत नाही. आणि जिथे सगळ्यांचं थोडं थोडं असतं, तिथे कोणालाच ते आपलं वाटत नाही.

पहिली चूक माझी. मी समाजकार्याचं शिकून आले, डोक्यात जनजागृती भरलेली. शाळेच्या मुलांची फेरी काढली, भिंतीवर घोषणा रंगवल्या. फेरी छान झाली, खाऊ वाटला, आणि दुसऱ्या दिवशी पंप ओढ्यावरच धुतले गेले. मग मी त्याहून मोठी चूक केली. ग्रामसंघाच्या बैठकीत मोबाइलमधला फोटो सगळ्यांना दाखवला. बांधावर औषधाच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग. मला वाटलं, डोळ्यांनी बघितलं की पटेल. ते शेत कोणाचं होतं ते मला माहीत नव्हतं. बैठकीतल्या सगळ्यांना माहीत होतं. त्या घरची ताई पुढेच बसली होती. ती काही बोलली नाही. घरी त्यावरून भांडण झालं, आणि पुढच्या तीन बैठकांना ती आली नाही.

तेव्हा गटातल्या एका आक्कांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "पोरी, हप्ता थकला तर आपण त्या बाईचं नाव फळ्यावर लिवतो का? घरी जातो, चा पितो, अडचण काय हाय ते इचारतो. मग हितं फोटू कशाला?"

मी काय बोलणार? तुम्ही बायकांनी इतकी वर्षं कर्जाची परतफेड सांभाळलीय ती अशीच. आणि मी तुम्हालाच शिकवायला निघाले होते.

मी त्या ताईंच्या घरी गेले, माफी मागितली. त्यांनी चहा दिला, पण आधी चांगलं सुनावलं. मग शेतावर नेलं आणि म्हणाल्या, "बघ इथं. पाण्याची टाकी हाय का? सोळा लिटरचा पंप. ओढ्यावर भरायचा, वर न्यायचा, औषध मारायचं, परत भरायला ओढ्यावरच यायचं. मग धुणार कुठं, डोक्यावर?" मावश्यांनो, त्या पाच मिनिटांत जे कळलं ते माझ्या दोन महिन्यांच्या फेऱ्यांत कळलं नव्हतं. लोक ओढ्यावर पंप धुतात कारण पाणी ओढ्यावर आहे. पाणी शेतावर आलं, तर पंप शेतावर धुतला जाईल. म्हणजे घोषणा नको होती, ड्रम हवा होता.

तिथून काम खरं सुरू झालं. ते कसं चालवलं ते क्रमाने सांगते, म्हणजे बाकीच्या गावांना आमच्या चुका परत करायला नकोत.

पहिलं काम, चालणं. विहिरीपासून सुरुवात करून ओढ्याच्या काठाने वर वर गेलो, उगमापर्यंत. दोन वेळा गेलो. एकदा मे महिन्यात कोरड्यात, आणि एकदा जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच. दुसरी फेरी फार महत्त्वाची. पाणी कुठून गढूळ येतंय, कुठल्या वाटेने येतंय, ते तेव्हाच दिसतं. हातात कागद होता, त्यावर ओढा काढला आणि खुणा केल्या. पंप धुवायची जागा, उकिरडा, बाटल्या पडतात ती जागा, उताराच्या दिशेने सरळ खाली बेड ओढलेलं शेत. कागदावर नाव एकाचंही लिहिलं नाही. फक्त खूण. कोणाची खूण ते ज्याचं त्याला कळतं.

दुसरं, थोडीच कामं निवडायची. यादी केली तेव्हा तेवीस कामं निघाली. आक्का म्हणाल्या, तेवीस म्हणजे एकही नाही. म्हणून चार ठेवली. निवडताना तीन प्रश्न विचारले. हे काम आपल्या हातात आहे का? पावसाच्या आधी होईल का? आणि घरातल्या माणसाला याचा काही फायदा आहे का? तिसऱ्या प्रश्नाला हसू नका. फवारणी बहुतेक पुरुष करतात. आपण सांगितलं म्हणून ते ऐकतील असं नाही. पण मजुरी, खत, वैरण यातलं काही वाचत असेल तर ऐकतात.

आता ती चार कामं. एक, पंप आणि बाटली. शेताच्या कडेला ड्रम ठेवायचा, तो नळीने भरायचा. औषधाची बाटली रिकामी झाली की तीन वेळा पाण्याने खळबळायची, आणि ते पाणी दर वेळी पंपातच ओतायचं, म्हणजे पिकावरच जातं. तळाशी राहिलेलं औषध आपण पैसे देऊन घेतलंय, ते ओढ्याला का द्यायचं? पंप धुतलेलं पाणीही त्याच शेतात, ओढ्यापासून आणि विहिरीपासून लांब टाकायचं. बाटलीला भोक पाडायचं, म्हणजे कोणी तेल-रॉकेल भरायला घरात नेणार नाही. जाळायची नाही, ओढ्यात टाकायची नाही. बाटलीवरचा रंगीत त्रिकोण बघायला शिका. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. आणि फवारणीचे कपडे घरातल्या कपड्यांत मिसळू नका, ओढ्यावर नेऊ नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. हे औषध अंगातून आत जातं. ते कपडे धुणारे हात आपले असतात.

दोन, खत. भाताला युरिया टाकायचा तर एकदम नाही, विभागून. आणि मोठा पाऊस येणार असेल तर त्या दिवशी मुळीच नाही. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात साधारण २० किलो नत्र असतं. पाऊस आला की त्यातलं बरंच पाण्याबरोबर खाली जातं. हे मी बैठकीत किलोमध्ये सांगितलं तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. एका ताईंनी घरी जाऊन सांगितलं, "आपण निम्मं पोतं वढ्याला घातलं." मग मात्र दादांना पटलं. माती तपासून घ्या. मृद आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळतेय, ती पत्र्याच्या पेटीत ठेवायला नाही, खत घ्यायला जाताना बरोबर न्यायला आहे.

तीन, उकिरडा. हलवता आला तर ओढ्यापासून लांब हलवायचा. नाही आला तर वरच्या बाजूने छोटा बांध घालायचा, म्हणजे वरचं पावसाचं पाणी त्यात शिरणार नाही, आणि पावसाळ्यात झाकायचा. झाकलेल्या शेणखताचा कस राहतो. उघड्याचा कस वाहून जातो आणि आपल्याला नुसता चोथा मिळतो.

चार, ओढ्याच्या काठाला गवताचा पट्टा. वाळा किंवा वैरणीचं गवत. वरून आलेलं गढूळ पाणी गवतात अडतं, माती तिथेच बसते. आणि स्ट्रॉबेरीचे गादीवाफे उताराला आडवे ओढायचे. ज्यांच्या घरी जनावरं आहेत त्यांनी पट्टा आनंदाने केला, कारण वैरण घराजवळ आली. ज्यांच्या घरी जनावर नाही त्यांनी केला नाही. हे मी मोकळेपणाने सांगते.

तिसरं, वेळापत्रक. कागदावर एप्रिल ते मार्च लिहून उपयोग नाही. ओढ्याचं काम पिकाच्या मागे चालतं. उकिरडा, बांध, चर हे मेमध्ये. गवताची लागण पहिल्या पावसात. स्ट्रॉबेरीचे बेड सप्टेंबर-ऑक्टोबरला पडतात, म्हणून आडव्या बेडचं बोलणं ऑगस्टमध्येच करायचं. ट्रॅक्टर शेतात आल्यावर सांगून काही होत नाही. ड्रम आणि बाटलीचं काम फवारणीच्या आधी.

चौथं, पैसा. हे पैसे गटाच्या बचतीत किंवा कर्जाच्या निधीत मिसळले नाहीत. वेगळी वही, वेगळं पावती पुस्तक, दोघींच्या सह्या. दर महिन्याला ग्रामसंघाच्या बैठकीत खर्च वाचून दाखवला आणि इतिवृत्तात लिहिला. ड्रम फुकट दिला नाही. निम्मे पैसे घराने घातले, निम्मे निधीतून. फुकटचा ड्रम लग्नाच्या मांडवात जातो, हे तुम्हीच मला सांगितलंत.

पाचवं, वही. ओढ्याची वही हप्त्याच्या वहीसारखीच आहे. कोणी काय करायचं कबूल केलं, कधीपर्यंत, झालं का. तीन रकाने, बास. झालं नाही तर पुढे कारण लिहायचं, दोष नाही. "दीर नको म्हणाले." "पाइप कमी पडला." "बाळंतपण होतं." कारणं वाचली की पुढे काय करायचं ते आपोआप कळतं. चार घरांना पाइप कमी पडला असेल, तर तो त्या चौघींचा आळस नाही, आपल्या अंदाजपत्रकाची चूक आहे.

आणि मोजणं. जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण आहे, किट आहे. ते कपाटातून बाहेर काढलं. जागा एकच ठेवली, विहीर आणि विहिरीच्या वरचा ओढा. पावसाच्या आधी, पावसात आणि पावसानंतर तपासलं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावं. तान्ह्या बाळांना ते फार घातक. आणि लक्षात ठेवा, पाणी उकळलं की जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. जंतूंसाठी छोटी बाटली असते, तिच्यात पाणी भरून उबदार जागी ठेवायचं, काळं पडलं तर पाणी दूषित. पहिल्या पावसाळ्यात आपल्या विहिरीची बाटली काळी पडली. त्या दिवशी जे झालं ते माझ्या कुठल्याच फेरीने झालं नव्हतं. बायकांनी ती बाटली स्वतः घरोघरी नेऊन दाखवली. कोणाचा फोटो नव्हता, कोणाचं नाव नव्हतं. विहीर सगळ्यांची होती.

पण किटची मर्यादाही सांगते. औषधाचा अंश या किटमध्ये दिसत नाही. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागते आणि खर्चही. म्हणून तिथे आपण पाणी मोजत नाही, काम मोजतो. किती घरांत ड्रम बसला, किती बाटल्या भोक पाडून जमा झाल्या. किटमध्ये काही आलं नाही म्हणजे पाण्यात काही नाही, असं कोणाला सांगू नका.

आता जे जमलं नाही ते. मल्चिंगचा कागद. आपण जुलैमध्ये गोळा केला, चिखलाने माखलेला, ओला. भंगारवाल्याने हात लावला नाही. अजून शेडमध्ये पडलाय, आणि त्याच्या वासावरून मला रोज बोलणी बसतात. यंदा कागद मेमध्ये, पीक निघाल्या निघाल्या उचलायचा, झटकायचा, वाळवायचा, मगच गोळा करायचा. तरी कोण घेईल याची खात्री मी आज देत नाही. आधी घेणारा ठरवू, मग गोळा करू.

दुसरं म्हणजे पाणी किती सुधारलं? विहिरीची बाटली पावसानंतर काळी पडली नाही, पण मधे टीसीएल पावडरही टाकली होती. त्यामुळे श्रेय कोणाचं, ते मी सांगू शकत नाही. एका वर्षात नदी साफ झाली असं जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. जमिनीत आधीच मुरलेलं खत हळूहळू बाहेर येत राहतं.

शेवटी एक लांबची गोष्ट, कॉलेजात शिकलेली. अमेरिकेत न्यूयॉर्क नावाचं मोठं शहर आहे. त्यांचं पिण्याचं पाणी लांबच्या डोंगराळ भागातून येतं, तिथे दुधाचा धंदा करणारे शेतकरी आहेत. १९९० च्या सुमाराला शहरापुढे प्रश्न आला, की पाणी गाळायचा प्रचंड मोठा प्रकल्प बांधायचा की डोंगरातच पाणी स्वच्छ ठेवायचं. आधी शहराने शेतकऱ्यांवर कडक नियम घालायचं काढलं. शेतकरी भडकले. मग बोलणी झाली. ठरलं ते असं, की शेतावरच्या सुधारणांचा खर्च शहराने द्यायचा, आणि काम शेतकऱ्यांच्याच मंडळाने चालवायचं. सक्ती नाही, पण पाच वर्षांत शंभरातल्या ८५ शेतकऱ्यांनी यायला हवं. तेवढे आले. प्रत्येक शेताचा वेगळा आराखडा झाला.

ते श्रीमंत शहर आहे, आपली गोष्ट वेगळी. पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. वरच्या लोकांना दोष देऊन पाणी साफ होत नाही, त्यांना कामात घेऊन होतं. आणि खालचे जे पाणी पितात, त्यांनी वरच्यांचा खर्च उचलायला हवा. आपला भाग २००१ पासून पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर आहे. आपल्यावर बंधनं आली, पण ड्रमचे पैसे कोणी पाठवले नाहीत. ही मागणी आपण ग्रामसभेत, पंचायत समितीत करायला पाहिजे. आणि मागायला जाताना हातात वही असली की बोलायला जोर येतो. आम्ही काय केलं, किती खर्च केला, काय उरलंय, सगळं लिहिलेलं.

त्या ताईंचं सांगायचं राहिलं. तीन बैठकांनंतर त्या परत आल्या. आज त्यांच्या गावची ओढ्याची वही त्याच लिहितात. इथे बसल्यात, नाव घेत नाही, कारण मला बजावून ठेवलंय, "काय बी कर, फोटू काढू नको."

तर ठरावात तीन गोष्टी आहेत. तीन गावांत काम दुसऱ्या वर्षी चालू ठेवायचं. नव्या दोन गावांत फक्त ओढ्याची फेरी आणि वही सुरू करायची, बाकी सगळं त्या गावच्या बायका ठरवतील. आणि मल्चिंगच्या कागदासाठी घेणारा मिळेपर्यंत त्यावर एक रुपयाही खर्च करायचा नाही. शंका असतील तर आत्ताच विचारा, मागाहून चुलीजवळ बोलू नका. आणि नकोसं वाटत असेल तर खुशाल नको म्हणा, तेही कारणासकट वहीत लिहू.